सार्वजनिक म्हणजे कोणासाठी?

सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या चौकशी समितीपुढे फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या प्रतिनिधींची साक्ष झाली. ज्या प्रौढांनी २००७ पासूनच्या आपल्या पोस्ट खासगी केलेल्या नाहीत, त्यांचा मजकूर व छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी घेतली गेल्याचे त्यांना तेथे मान्य करावे लागले. अल्पवयीनांची खाती वगळलेली होती. मात्र आईवडिलांनी स्वतःच्या सार्वजनिक खात्यावर टाकलेली मुलांची छायाचित्रे वगळलेली नव्हती.

युरोपातील वापरकर्त्यांना निदान हरकत घेता येते. तेथील नियामकांच्या आक्षेपांमुळे जून २०२४ मध्ये कंपनीला ही योजना थांबवावी लागली आणि मे २०२५ मध्येच ती पुन्हा सुरू करता आली. पण या हरकतीलाही मर्यादा आहे, कारण दुसऱ्या कोणी आपले छायाचित्र टाकले किंवा आपल्याविषयी लिहिले, तर तो मजकूर तरीही वापरला जाऊ शकतो. मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. माझी आत्या वारली तेव्हा तिच्या अखेरच्या आजारपणाविषयी मी सविस्तर लिहिले होते आणि दूरच्या नातेवाइकांनाही वाचता यावे म्हणून ती पोस्ट सर्वांसाठी खुली ठेवली होती. आत्याचे कुठेही खाते नव्हते. तिच्या वतीने हरकत कोण घेणार?

आपल्याकडे तर कायद्यानेच हा दरवाजा उघडा ठेवला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ३ नुसार, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या तिच्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही आणि उदाहरण म्हणून तेथे आपली मते ब्लॉगवर मांडणाऱ्या व्यक्तीचाच दाखला दिलेला आहे. चार माणसांनी वाचावे म्हणून लिहिणे म्हणजे कोणत्याही कंपनीला कोणत्याही कामासाठी मुभा देणे, हा अर्थ मला मान्य नाही.

मराठी नीट जाणणारी यंत्रे घडवायची तर मराठी मजकूर लागणारच, हे मला पटते. मला विचारले असते, तर माझे प्रवासाचे आणि पुस्तकांविषयीचे लेख मी आनंदाने दिले असते. आत्याविषयीची पोस्ट दिली नसती. ही निवड प्रशिक्षणापूर्वीच करता आली पाहिजे, कारण नंतर पोस्ट खोडली तरी शिकून झालेल्या यंत्रातून तिचा परिणाम तेवढा वेगळा काढता येत नाही. म्हणून संमतीचे बटण सुरुवातीला बंदच असावे आणि ज्याला आपला मजकूर द्यायचा आहे त्याने ते स्वतः सुरू करावे, अशी तरतूद आपल्या कायद्यात व्हावी.