दिवसा खुर्ची, रात्री बर्थ

मुंबईला कसं जावं असं सोलापूरकराला विचारलं, तर तो उलट तुम्हालाच विचारतो, "दिवसा की रात्री?" रात्री असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि बर्थ. लोअर मिळाला तर घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. दिवसा असेल तर वंदे भारत, आणि तिथे चेअर कारबद्दल कुणी कुरकुरत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत ही गाडी सुरू झाली तेव्हा ओळखीतल्या काही जणांनी हौसेनं एक्झिक्युटिव्हचं तिकीट काढलं, खुर्ची गोल फिरवून पाहिली, फोटो काढले आणि पुढच्या खेपेला गुपचूप चेअर कारमध्ये येऊन बसले. साडेसहा तासांचा तर प्रवास. गप्पांत निघून जातो.

आमचा मुलगा न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय, जाता-येता लंडनला माझ्या बहिणीकडे उतरणार. मुंबई-लंडनची तिकिटं बहिणीनं परस्पर काढून टाकली. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. राहिला अटलांटिक. त्याबद्दल चिरंजीवांचा फोन : "बाबा, इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी की बिझनेस? पैशांकडे बघू नका." असं म्हटलं की आमच्या पिढीचा माणूस आधी पैशांकडेच बघतो. बिझनेसचा आकडा मी सौ.ला सांगितला नाही. इथंही सांगत नाही.

मधला वर्ग कागदावर मोठा गोड दिसतो. व्हर्जिन अटलांटिकनं 1992 मध्ये असा वर्ग काढला, ब्रिटिश एअरवेजनं 2000 मध्ये, आणि आता तो बऱ्याच कंपन्यांकडे असतो. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण 31 इंच, इथं 38. सात इंच म्हणजे नेमकं किती, हे बघायला मी शिवणाच्या डब्यातला टेप काढला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची लोखंडी कपाटासमोर मांडली आणि पाठीपासून कपाटापर्यंत 31 इंच मोजले. बसलो तर ऐसपैस. मग लक्षात आलं, की हे अंतर एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत धरतात, म्हणजे पुढच्या पाठीची जाडीही त्यातच. म्हणून कपाटाला टेकवून एक उशी उभी केली. आता गुडघे उशीला. खुर्ची सात इंच मागे ओढली, तर पाय सुटले. सौ. भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "पाय सुटले ओ, पण झोपणार कसं?"

सगळी ग्यानबाची मेख तिथंच होती. प्रीमियम इकॉनॉमीची पाठ जरा जास्त कलते, पाय टेकायला काहीतरी असतं, जेवण काचेच्या-चिनीमातीच्या भांड्यांत येतं. पण माणूस आडवा होत नाही. आडवं व्हायचं तर बिझनेस. तिथं पूर्ण सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजनं 2000 मध्ये आणला. त्या मांडणीत निम्मे प्रवासी पाठमोरे बसत, म्हणजे अनोळखी माणसाचं तोंड समोर. 2019 पासून नव्या विमानांत प्रत्येक जागेला दारच बसवलं. बरं झालं.

पण हा पलंग दोन्ही वेळा कशाला? लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी विमानं बहुतेक दिवसा उडतात. सकाळी-दुपारी निघायचं, सूर्याच्या मागं मागं जायचं, आणि आठेक तासांनी तिथं उतरलं तरी घड्याळ तीनच तास पुढे सरकलेलं. भर दिवसा पलंगावर लोळायला कुबेराचे पैसे कोण मोजणार? परतीची मात्र बहुतेक रात्री निघतात. वरच्या हवेतला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, तो मागून ढकलतो, म्हणून येताना साडेसहा-सात तास. साडेपाच हजार किलोमीटरचा समुद्र, आणि वेळ आमच्या वंदे भारतइतका! पण वेळ सिद्धेश्वरची.

त्यात विलायत सरकारचा एक कर आहे, तो तिथून उडणाऱ्या प्रवाशावर बसतो, तिथं उतरणाऱ्यावर नाही. सर्वांत खालचा वर्ग सोडून वर चढलात की लांबच्या प्रवासाला तो दुपटीहून जास्त होतो, आणि प्रीमियम इकॉनॉमीही त्यातून सुटत नाही. सात इंचांसाठी सरकारलाही वर पैसे द्यायचे, हे काही मनाला पटेना. न्यूयॉर्कहून येताना हा कर नाहीच.

तेव्हा जाताना साधी खुर्ची, येताना पलंग. मधला वर्ग बाद. पुण्याच्या मेहुण्यांना हे ऐकवलं तर म्हणाले, "दोन्ही वेळा प्रीमियम घ्या, सरासरी बरी पडेल." सरासरी काढून झोप लागत असती तर काय हवं होतं! ज्या गावाहून रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, त्या गावच्या माणसाला हे सांगून उपयोग नाही.

एक अडचण उरलीय. साडेसहा तासांत चढणं, जेवण, दिवे मालवणं आणि उतरायच्या तासभर आधी नाश्त्यासाठी उठवणं, एवढं सगळं बसवतात. झोपेला जेमतेम चार तास उरतात. म्हणून जाणकार लोक विमानतळावरच्या लाउंजमध्येच जेवून घेतात आणि विमानात शिरल्याबरोबर पांघरूण ओढतात. मी हे सौ.ला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि विमानातल्या जेवणाचे पैसे परत देतात का?"

नाही देत. तेव्हा तिचं दोन्हीकडे जेवायचं नक्की आहे, आणि आपण जेवत असताना मी घोरलेलं तिला चालणार नाही, हेही तिनं सांगून ठेवलंय.