बुडबुडे जागीच थांबले तेव्हा जेल पॉइंट कळला

एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझ्याकडे एपॉक्सी रेझिन आणि टेटा (ट्रायइथिलीनटेट्रामाइन) हे अमाइन हार्डनर, म्हणजे रेझिनचे रेणू एकमेकांना जोडून जाळं बनवणारं रसायन होतं. हार्डनर जास्त घातलं की जास्त कडक होणार असं डोक्यात होतं, म्हणून १० ग्रॅम रेझिनला १.३ च्या जागी सरळ २ ग्रॅम घातलं. दोन दिवसांनी बघते तर वरून चिकट, आणि तुकडा ॲसिटोनमध्ये ठेवला तर चांगलाच फुगला.

सरांनी वहीत मोजायला लावलं. टेटाच्या रेणूत रिॲक्शन करू शकणारे ६ हायड्रोजन, म्हणजे ६ हात, आणि रेझिनच्या रेणूला दोन्ही टोकांना एकेक एपॉक्सी गट. एका हाताला एक एपॉक्सी. टेटाचं रेणूभार १४६ भागिले ६ म्हणजे एका हातामागे साधारण २४, रेझिनचं इक्विव्हॅलंट वजन (एका एपॉक्सीमागे येणारं वजन) १८८, त्यावरून १०० ग्रॅम रेझिनला १३ ग्रॅम टेटा निघतं. मी २० च्या हिशोबाने घातलं तेव्हा एपॉक्सी संपून गेले आणि प्रत्येक टेटाचे सरासरी चारच हात गुंतले, बाकीचे मोकळे, म्हणून जाळं सैल.

दुसऱ्या वेळी काटेकोर वजन केलं आणि दर मिनिटाला काचेची कांडी बुडवून वर उचलत बसले. आधी मधासारखी तार येत होती, मग तार लांबायला लागली, आणि मग एका क्षणी तार तुटेचना, उलट मागे खेचली जायला लागली आणि वर चढणारे बुडबुडे होते तिथेच अडकले! खरंच अंगावर काटा आला, कारण १९४१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरीने मांडलेल्या थिअरीने आमच्या मिश्रणाचा जेल पॉइंट, म्हणजे पातळ मिश्रणाचं सलग जाळं होण्याचा क्षण, येतो १ भागिले वर्गमूळ ५, म्हणजे जेमतेम ४५ टक्के रिॲक्शन. निम्मी सुद्धा झालेली नसते आणि कपाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रेणू पसरलेला असतो. (हा आयडियल हिशोब आहे, काही हात आपल्याच रेणूत वळून बसतात त्यामुळे प्रत्यक्षात थोडं उशिराच होतं.)

मला वाटलं झालं काम, पण त्या जाळ्यात अजून कितीतरी सुटे रेणू नुसते अडकून असतात. ते हळूहळू जोडले जातात, जाळं घट्ट होत जातं, शेवटी सगळं काचेसारखं गोठतं आणि उरलेल्या टोकांना एकमेकांपर्यंत पोचताच येत नाही, रिॲक्शन रखडते. म्हणून दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १०० अंशावर दोन तास पोस्ट-क्युअर केलं, म्हणजे गरम करून उरलेली रिॲक्शन पुढे नेली. तो तुकडा आठवडाभर ॲसिटोनमध्ये ठेवला, काढून नख मारून बघितलं, ओरखडा पण नाही.