कार्बनचं बॉनेट घ्यायचंय? आधी काट्यावर ठेवा

गाडी हलकी करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं ते काळं चकचकीत कार्बन फायबरचं बॉनेट, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही ती वीण बघत बसायला आवडतं. पण वजन कमी करायला म्हणून पॅनल घेत असाल तर माझं एकच म्हणणं आहे, जुनं पॅनल काढून काट्यावर ठेवा, नवीन ठेवा, आणि मग ठरवा. कारण "कार्बन" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॅनलमध्ये कार्बन असतो फक्त वरच्या एका थरात. खाली सगळं साधं फायबरग्लास आणि भरपूर रेझिन, म्हणजे धागे जोडून घट्ट होणारा चिकट पदार्थ. ओळखायचं असेल तर वरून बघूच नका, पॅनल उलटं करा आणि जिथे बोल्टसाठी भोक पाडलंय किंवा कडा कापलीये तिथे टॉर्च मारून बघा. वर कागदाएवढा काळा थर आणि खाली पांढरट-हिरवट थर दिसले तर ते दिसण्यासाठी बनवलेलं पॅनल आहे. असं बॉनेट कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या बॉनेटपेक्षा जड भरलं तरी नवल नाही.

आता खरा कार्बन हलका का, ते जरा नीट बघू. स्टीलची घनता दर घन सेंटीमीटरला 7.85 ग्रॅम, अॅल्युमिनियमची 2.7 आणि इपॉक्सी रेझिनसकट कार्बनची साधारण 1.6. म्हणजे पाचपट हलकं? तसं नाही होत. पॅनलला ताठपणा लागतो, आणि सगळ्या दिशांना थर टाकलेला कार्बन स्टीलच्या साधारण पाव इतकाच ताठ असतो. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट केली की आठपट, त्यामुळे 0.7 मिमी पत्र्याच्या जागी साधारण 1.1 मिमी कार्बन टाकला की काम भागतं आणि वजन येतं एक तृतीयांशाच्या आसपास. हाच हिशोब अॅल्युमिनियमला लावला तर वजन निम्म्यावर येतं. म्हणून तुमच्या गाडीला मुळातच अॅल्युमिनियमचं बॉनेट असेल तर फायदा बराच आटतो, हे पैसे देण्याआधी कुणी सांगत नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, शिजवलेलं प्रीप्रेग (आधीच मोजून रेझिन भरलेलं कार्बनचं कापड) आणि हाताने ब्रश मारून बनवलेलं पॅनल यातही खूप फरक आहे. हाताने बनवलेल्यात रेझिन जास्त राहतं, आणि जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं वजन, ताकद काहीच नाही. व्हॅक्यूम इन्फ्युजन, म्हणजे हवा काढून कोरड्या कापडात रेझिन ओढून घेणं, हे या दोन्हींच्या मधलं, आणि नीट केलं तर मला ते रस्त्यावरच्या गाडीला पुरेसं वाटतं.

मग सुरुवात कुठून करायची? मी तरी छतापासून म्हणेन. बीएमडब्ल्यूने 2003 च्या एम3 सीएसएलला कार्बनचं छत दिलं तेव्हा त्यातून वाचले जेमतेम 6 किलो. आकडा किरकोळ वाटतो, पण ते 6 किलो गाडीच्या सगळ्यात उंच जागेवरून गेले. हिशोब करून बघा, 1400 किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, छत 1.3 मीटरवर, तर गुरुत्वमध्य साडेतीन मिलिमीटरच्या आसपास खाली येतो, आणि तेही सस्पेन्शनला हात न लावता. अडचण एवढीच की छत बदलणं म्हणजे कापाकापी आणि चिकटवणं, ते ज्याला येतं त्यानेच करावं. त्यानंतर बॉनेट आणि डिकी, कारण टोकांचं वजन गेलं की वळणात नाक पटकन फिरतं. आणि एकूण मिळून 50 किलो गेले तर 100 च्या वेगावरून थांबताना ब्रेकला दर वेळी 19 किलोज्यूल कमी उष्णता झेलावी लागते, ट्रॅकवर प्रत्येक लॅपला, प्रत्येक वळणाला.

दारं मात्र रस्त्यावरच्या गाडीची बदलू नका, कळकळीने सांगतोय. दाराच्या आत बाजूच्या धडकेसाठी स्टीलचा बीम असतो आणि रेसिंगच्या पोकळ कार्बन दारात तो नसतो, तिथे ते काम रोल केज, म्हणजे गाडीच्या आत बसवलेला पाइपांचा पिंजरा, करतो. कार्बन किती मजबूत हे सांगायला लोक 1981 च्या मोंझामधल्या फॉर्म्युला वन शर्यतीचं उदाहरण देतात, ड्रायव्हर जॉन वॉटसनची मॅकलारेन एमपी4/1 आपटली, इंजिन तुटून वेगळं झालं आणि तो चालत बाहेर आला. खरंय, पण तिथे त्याला वाचवलं ते कार्बनच्या मोनोकॉकने, पूर्ण सांगाड्याने. तुमच्या दाराचं वरचं कवच म्हणजे मोनोकॉक नव्हे.

बसवताना बारीक गोष्टी असतात त्या सोडू नका. बॉनेट उचलून धरणारे जुने गॅस स्ट्रट जड बॉनेटच्या हिशोबाचे असतात, हलक्या पॅनलला ते सतत ढकलत राहतात आणि बिजागरीपाशी तडा जातो, म्हणून कमी जोराचे घ्या. कंपनीच्या लॉकची पकड थोडीही शंकास्पद वाटली तर बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या बॉनेट पिन लावाच, वेगात बॉनेट उघडून काचेवर आलं तर पुढचं काही दिसत नाही. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे तो अॅल्युमिनियमला थेट टेकला आणि ओल लागली की अॅल्युमिनियम खायला लागतं, मध्ये फायबरग्लासचा एक थर किंवा रबर हवं. वर यूव्हीवाला क्लिअर कोट नसेल तर इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. आणि घासकाम करायचं झालं तर मास्क घालून, ओलं करून घासा, ती धूळ फुफ्फुसात जायला नको आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये तर अजिबात नको.

सगळं बसलं की चाकांची अलाइनमेंट परत करून घ्या. पुढचं वजन गेलं की नाक थोडं वर उठतं, त्याबरोबर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) सरकतात, आणि मग हलकी झालेली गाडी नीट वळत का नाही म्हणून लोक टायरला दोष देत बसतात.