आईंनी उगाळलेली काव

गेल्या वर्षी, ऐन श्रावणात, माझ्या जांघेत आणि मांडीच्या मागच्या बाजूला दोन दिवस मुंग्या आल्यासारखे वाटत राहिले आणि तिसऱ्या दिवशी लघवीच्या जागेजवळ पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला. घामाने झाले असेल असे समजून मी पावडर लावत राहिले. फोड फुटून व्रण झाले, लघवी करताना डोळ्यांत पाणी येऊ लागले, तेव्हा कुठे नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मुलीच्या अंगावरच्या पुरळासाठी त्या दारातून अनेकदा आत गेले होते. पण पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ असे लिहिले आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नजरेस पडले. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवर वाचून नजर फिरवावी, एवढाच त्या दुसऱ्या शब्दाशी माझा आजवरचा संबंध होता.

डॉक्टर मॅडमनी व्रणावरचे पाणी तपासणीला पाठवले आणि रक्तही घ्यायला सांगितले. निदान झाले जननेंद्रियाच्या हर्पीसचे, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूच्या संसर्गाचे; विषाणूचा प्रकार दुसरा. एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ यांच्या तपासण्याही त्यांनी त्याच वेळी करून घेतल्या. त्या निर्दोष येईपर्यंतचे दोन दिवस कसे काढले, ते लिहिण्याची माझी अजून तयारी नाही.

लग्नाला नऊ वर्षे झालेल्या बाईला असे निदान कळले की मनात एकच प्रश्न उभा राहतो: कोणाकडून? नवऱ्यालाही तोच पडला. आम्ही दोघे त्या रात्री तलावपाळीच्या कठड्यावर बराच वेळ बसलो आणि तो म्हणाला, “तू मला काही सांगणार आहेस का?” मी नेमके हेच वाक्य त्याला म्हणायचे ठरवून घरून निघाले होते. नऊ वर्षांत आम्ही इतके परके एकमेकांना कधी वाटलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दोघांना समोर बसवले. माझ्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीर तयार करते ती प्रथिने, पहिल्याच आठवड्यात सापडली होती आणि ती तयार व्हायला बहुधा काही आठवडे लागतात. म्हणजे फोड जरी आता आले, तरी विषाणू शरीरात आधीपासून होता. नवऱ्याच्या रक्तातही प्रतिपिंडे निघाली, आणि त्याला तर आयुष्यात एकही फोड आल्याचे आठवत नव्हते. हा विषाणू कण्याच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गुच्छांत वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतो आणि ज्यांच्या अंगात तो असतो, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. आमच्यापैकी कोणाकडून कोणाला आणि केव्हा, हे कोणतीच तपासणी सांगू शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. लग्नाआधी आम्हा दोघांचीही आयुष्ये होती आणि ती एकमेकांना ठाऊक होती. त्या प्रश्नाचे उत्तर मिळणारच नाही हे कळल्यावर नवऱ्याने तो पुन्हा विचारला नाही. मला मात्र तो सोडायला महिने लागले, हे मी मान्य करते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४.६ कोटी लोकांना, म्हणजे पाचांतल्या एकाहून अधिक जणांना, जननेंद्रियाचा हर्पीस आहे. हा आकडा वाचून मला धीर आला आणि रागही आला. इतक्या जणांना असलेल्या आजाराबद्दल मी एका माणसाच्याही तोंडून कधी ऐकले नव्हते.

असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा सुरू झाल्या. त्या विषाणूची वाढ रोखतात, त्याला शरीरातून घालवत नाहीत. ज्यांच्या जोडीदाराला हा संसर्ग नाही, त्यांनी मुंग्या येऊ लागल्यापासून व्रण भरेपर्यंत संबंध टाळावेत आणि एरवी निरोध वापरावा. फोड नसतानाही विषाणू पसरू शकतो, आणि निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. दिवस राहिलेल्या बाईने हे आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण शेवटच्या महिन्यांत नव्याने झालेला संसर्ग बाळाला सर्वांत घातक ठरतो. खासगी डॉक्टरांचा खर्च झेपत नसेल, तर सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधे मोफत मिळतात; तिथे प्रत्येक लक्षणसमूहासाठी वेगळ्या रंगाचा संच असतो आणि हर्पीसच्या व्रणांचा लाल आहे.

आता आईंविषयी, म्हणजे माझ्या सासूबाईंविषयी. त्यांनी गोळ्यांचे पाकीट पाहिले आणि चिठ्ठीवरचा ‘हर्पीस’ हा शब्द वाचला. शेजारच्या काकूंना नागीण झाली तेव्हा डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता आणि याच नावाच्या गोळ्या दिल्या होत्या. “नागीण उठली आहे का गं? कुठे?” मी म्हणाले, “कमरेला.” त्यांनी सहाणेवर काव उगाळली, वाटी माझ्या हातात दिली आणि तोंड व शेपूट एकमेकांना मिळू देऊ नकोस असे काळजीने बजावले. आठवडाभर त्यांनी मला ओट्यापाशी उभे राहू दिले नाही. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. तो हर्पीसच्याच कुळातला आणि तोही चेतातंतूंत लपून राहणारा. पण एकीसाठी घरात काव उगाळली जाते आणि दुसरीसाठी बाई न्हाणीघराची कडी लावून आपले कपडे वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्याने धुते. मी तसे पंधरा दिवस धुतले. टॉवेल, भांडी किंवा शौचालय यांमुळे हा आजार पसरत नाही, असे मॅडमनी सांगितल्यावर थांबले. ती वाटी मात्र रोज बेसिनमध्ये ओतताना माझा हात जड व्हायचा.

माघात पुन्हा मुंग्या आल्या. मी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि या वेळी फोड चार दिवसांत सुकले. आई पुन्हा सहाण घेऊन बसल्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून म्हणाले, “आई, ती नागीण नव्हती.” जे आहे ते नाव घेऊन सांगितले, आम्हा दोघांनाही आहे हे सांगितले. त्यांचा हात सहाणेवर थांबला. बऱ्याच वेळाने त्यांनी एकच विचारले, “पोरीला काही होणार नाही ना?” मला डॉक्टरांनी जे सांगितले होते, ते सगळे मी त्यांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या दोरीवर माझा टॉवेल इतरांपासून लांब, अगदी टोकाला वाळत घातलेला दिसला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसाच. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आले, तेव्हा तो मुलीच्या टॉवेलशेजारी होता आणि दोन्हींना मिळून एकच चिमटा लावलेला होता.