अर्ध्यावर आलेला युरिया

आप्पांचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत दिवसाची रोकड जुळवत होते. "अगं, अण्णांचा युरिया अर्ध्यावर आला! सत्तेचाळीसचा बावीस. गोखरूचा काढा लागू पडला बघ." काढा सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तासाभरात पाहुण्यांच्या ग्रुपवर काढ्याची कृती फिरायला लागली, खाली हात जोडलेल्यांची रांग.

मी अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, रक्ताचे दोन्ही रिपोर्ट मोबाइलवर उघडले. पहिला पुण्यातल्या लॅबचा, दुसरा तालुक्याच्या गावातला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, तेव्हा 1.6, आताही 1.6. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, मात्र 47 होता तो 45 झाला होता. म्हणजे एक आकडा सांगतोय सुधारलं, दुसरा सांगतोय घसरलं, आणि तिसरा जागचा हललेला नाही. ताळा जमत नसेल तर कुठंतरी खातं चुकलंय, एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे.

तोपर्यंत रिपोर्ट म्हटलं की मी फक्त ठळक अक्षरातले आकडे बघायची. ठळक म्हणजे वाईट, साधं म्हणजे बरं.

सुरुवात झाली ती अण्णांच्या पायांपासून. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचे वळ पायावर तसेच राहायला लागले. चौदा वर्षांची शुगर, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, रोज एक, ऊस तोडणीच्या दिवसांत दोन. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं बघितलं, गावच्या आरोग्य शिबिरातला सहा महिन्यांपूर्वीचा कागद शेजारी ठेवला आणि म्हणाले, "क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज थ्री ए." बाहेर गर्दी होती. तीन मिनिटांत आम्ही पुन्हा बाकावर.

आईनं विचारलं, "क्रॉनिक म्हणजे शेवटचं ना गं?" मलाही तसंच वाटत होतं. आमच्याकडे हा शब्द गंभीर आजारपणातच कानावर पडलेला. क्रॉनिक म्हणजे जुनाट, इतकंच. मुळात काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. किडनीच्या बाबतीत हिशेब तीन महिन्यांचा: बिघाड त्याहून जास्त टिकला की क्रॉनिक. म्हणून तर डॉक्टरांनी तो शिबिराचा जुना कागद मागितला होता. स्टेज म्हणजेही कॅन्सरची स्टेज नव्हे. ईजीएफआर 45 ते 59 असेल तर थ्री ए, 30 ते 44 असेल तर थ्री बी, 15 च्या खाली गेला की पाचवी. हे त्यांनी बाकावर येऊन सांगितलं असतं तर आई त्या रात्री जेवली असती. पण बाहेर चाळीस माणसं होती, त्यांना तरी काय म्हणणार.

मग मी दोनशे पानी वही घेतली. एका पानावर एक शब्द. शब्द तोडायचा, शेपूट ओळखायचं. शेवटी 'एमिया' असेल तर गोष्ट रक्तातली, 'युरिया' असेल तर लघवीतली. पुढे 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. फोनवर हे दोन सारखेच ऐकू येतात, म्हणून आमच्या घरात आता 'हायपर, र-वाला' असं म्हणून खात्री करतात.

अण्णा वही वाचायचे. एके दिवशी 'मायक्रोअल्ब्युमिन-युरिया' या पानावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो कुठला नवीन युरिया? दुकानात तर दिसला न्हाई." अण्णांची सगळी हयात ऊस पिकवण्यात गेलेली. त्यांना समजावता समजावता मलाच कळलं की इथलं शेपूट आणि रक्तातला युरिया देवनागरीत सारखेच दिसत असले तरी अर्थ वेगळा. मूळ मात्र दोघांचं एकच, लघवी. आणि मायक्रो म्हणजे अल्ब्युमिनचे बारीक कण नव्हेत. अल्ब्युमिन हे प्रथिन नेहमीचंच, लघवीत उतरणारं प्रमाण थोडं, साध्या पट्टीच्या तपासणीत सहज न सापडणारं. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे 30 ते 300 मिलिग्रॅम. अण्णांचं 180.

सोनोग्राफीच्या कागदावर 'मेडिकल रीनल डिसीज' होतं. मला वाटलं, औषधांनी झालेला आजार. तसं नाही. किडनीच्या मांसात बिघाड आहे, खडा किंवा अडथळा दिसत नाही, म्हणजे प्रकरण सर्जनचं नसून गोळ्या देणाऱ्या डॉक्टरचं. लिव्हरपुढे 'अनरिमार्केबल' लिहिलेलं. मी भाषांतर केलं, "दखल घेण्यासारखं काही नाही." अण्णांना ते लागलं. "आरं, साठ वर्षं जपलंय त्याला." रिपोर्टात दखल न घेणं हीच शाबासकी असते, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

तर ते युरियाचे 47 आणि 22.

शनिवारी गावी गेले. दोन्ही कागद ओसरीवर पसरले आणि पहिल्यांदाच आकड्याऐवजी आकड्याच्या डावीकडचं नाव वाचलं. पुण्याच्या कागदावर 'ब्लड युरिया'. तालुक्याच्या कागदावर 'बीयूएन'. हे माझ्या वहीत नव्हतं. फोडून बघितलं तर ब्लड युरिया नायट्रोजन. सगळा युरिया नव्हे, त्यातलं नायट्रोजन तेवढं मोजलेलं.

"नायट्रोजन म्हणजे?" अण्णा.

"नत्र, अण्णा."

ते उठले. पडवीत कोपऱ्यात रिकाम्या गोण्यांची चळत होती, वरची झटकून माझ्यापुढे आणून टाकली. गोणीवर छापलं होतं: नत्र 46 टक्के. "पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र किती पडतं? वीस-एकवीस किलो. मग सत्तेचाळीसात?" त्यांनी आढ्याकडे बघत क्षणभर ओठ हलवले. "साडेएकवीस, बावीस. मंग कमी काय झालं? त्यांनी गोणी मोजली, ह्यांनी नत्र मोजलं."

मी नंतर कॅल्क्युलेटरवर केलं. युरियाचा रेणूभार 60, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, 28. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया. 22 गुणिले 2.14 म्हणजे 47. गोणीतला आणि रक्तातला युरिया पदार्थ म्हणून एकच. रक्तातला आपल्या लिव्हरनं प्रथिनांच्या कचऱ्यातून केलेला, गोणीतला कारखान्यानं. काढ्यानं कमी झालेलं काहीच नव्हतं. शेजारच्या रकान्यात दोन्ही लॅबनी आपापली हद्दही छापली होती आणि दोन्ही आकडे तिच्या जरा वरच होते. तो रकाना कुणीच वाचला नव्हता, मीसुद्धा.

राहिला ईजीएफआर. यातलं 'ई' म्हणजे एस्टिमेटेड, अंदाजाचा. किडनी मिनिटाला किती मिलिलीटर गाळते हे सहसा कुणी मापं लावून बघत नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं सूत्रात घालून आकडा काढतात. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून रोज निघणारा गाळ. शेतातली चारी तुंबली की पाणी मागं चढतं, तसा तो रक्तात चढतो. मग क्रिएटिनिन तेच असताना दोन आकड्यांनी घसरण कशी? वयाचा रकाना बघितला. पुण्यात 68, तालुक्यात 74.

"लॅबवाल्याला वय काय सांगितलंत?"

"त्यो म्हणाला, बाबा किती असंल? मी म्हणलं, टाक सत्तर-पंच्याहत्तर."

अण्णांच्या दाखल्यावरचा जन्म 1 जूनचा. गावातल्या त्यांच्या अर्ध्या वर्गाचा 1 जूनचाच. मास्तरांनी शाळेच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. पण साल तरी दाखल्यावर आहे. सहा वर्षं उगाच वाढवली की सूत्र दोन आकडे कापतं. अजून थोडं वाढवलं असतं तर कागदावर थ्री ए ची थ्री बी झाली असती, चारी तीच राहून.

मी ग्रुपवर हे लिहिलं. आप्पांनी उत्तर दिलं, "असो. पण काढा चांगला आहे." डॉक्टरांनी पुढच्या खेपेला काढा आणि गुडघ्याच्या गोळ्या दोन्ही बंद करायला लावलं. गोळ्यांवर त्यांचा जास्त राग होता.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. रात्री साडेआठला लॅबचा फोन: पोटॅशियम 6.2, लगेच दवाखान्यात न्या. वहीतलं पान मला तोंडपाठ होतं. हायपरकॅलेमिया, कॅलियम हे पोटॅशियमचं लॅटिन नाव, म्हणून तर खताच्या गोणीवर त्याचं अक्षर के. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे शेवटचं वाक्य मी कशाला लिहून ठेवलं होतं, असं त्या रात्री वाटलं. भावानं गाडी काढली. ईसीजी नीट आला. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मागितला, खाली सरकवला आणि तळाची बारीक ओळ दाखवली: नमुना हिमोलाइज्ड. त्यांनी विचारलं, रक्त काढताना त्रास झाला का? झाला होता, शीर सापडत नव्हती, दोनदा टोचलं होतं. तांबड्या पेशींच्या पोटात पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. नळीत पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि यंत्र तेही मोजतं.

अण्णा खाटेवर आडवे, छातीला ईसीजीच्या चिकटपट्ट्या अजून तशाच. "म्हणजे गोणी गाडीतच फुटली. रानात पालाश जास्त न्हाई पडलं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, पालाश म्हणजे पोटॅशियम. पुन्हा रक्त घेतलं, हळू. 4.7.

मी अण्णांना आधी शाळेच्या पुस्तकातले शब्द शिकवायला गेले होते. मूत्रपिंड, विकर, संप्रेरक. एकही टिकला नाही. किडनी किडनीच राहिली. नत्र आणि पालाश मात्र मला शिकवावे लागले नाहीत.

गेल्या महिन्यात क्रिएटिनिन 1.4, ईजीएफआर 55. आप्पा म्हणतात, काढ्याचा अंमल उशिरा दिसतो. त्या दिवशी लॅबच्या खिडकीशी मी अण्णांच्या मागे उभी होते. आतल्या पोरानं त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघून लिहायला घेतलं, "बाबा, पंच्याहत्तर लिहू?"

"अडुसष्ट. दाखला आणलाय," अण्णा म्हणाले. "आन् तुमच्यात काय मोजत्यात, गोणी का नत्र?"