स्थानिक पालकाची सही

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. बी.एस्सी.साठी जळगावच्या एका कॉलेजात माझा नंबर लागला. प्रवेश, फी, आयकार्ड दोन दिवसांत झालं. अडलं वसतिगृहात.

वसतिगृहाच्या अर्जात ‘स्थानिक पालक’ असा रकाना होता. नाव, पत्ता, आधारची झेरॉक्स आणि सही. जळगावात आमचं कोणीच नाही. मामा सुरतेला, मावशी शिरपूरकडे. रकाना रिकामा ठेवून अर्ज दिला, तो परत आला. दुसऱ्यांदा आप्पा सोबत आले, त्यांनी स्वतःची सही केली. क्लार्क म्हणाला, “तुम्ही गावचे. शहरातला माणूस पाहिजे.” आप्पा म्हणाले, “साहेब, शहरात माणूस असता तर पोरीला त्याच्याकडेच ठेवली असती.” त्यावर काही न बोलता त्याने अर्ज खिडकीतून बाहेर सरकवला. आप्पांचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला अजून राग येतो. जिचं शहरात कोणी नाही, तिलाच खोली लागते ना!

मग सात आठवडे अप-डाऊन. पहाटे एसटीने अमळनेर, तिथून पॅसेंजरने धरणगाव, पाळधी करत जळगाव. (एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार झाला.) गिरणेचा पूल आला की उठून दाराशी उभं राहायचं, आणि प्रॅक्टिकल संपलं की परत स्टेशन गाठायचं. बाकीच्या पोरींची ओळख वाढायची ती संध्याकाळी, जर्नल पूर्ण करताना नाहीतर मेसच्या रांगेत. तेव्हा मी फलाटावर. वर्गातही गप्पच असायचे, तोंडातून ‘मला’ऐवजी आमच्या अहिराणीतलं ‘माले’ निघेल याची धास्ती.

एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन चालू असताना मी घड्याळ बघत राहिले आणि रीडिंग चुकलं. पार्टनर चिडली नाही. तिने विचारलं, “तुले रोज एवढी घाई काबरं?” तिचं कुटुंब रावेरकडचं, घरी लेवा बोली. ती ‘मले’ म्हणते, हे मला तेव्हा कळलं. मी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती मला जळगावातल्या घरी घेऊन गेली. चहा उकळेपर्यंत काकांनी सही करून दिली होती. वसतिगृहाच्या पुढच्या यादीत माझं नाव लागलं. त्या रात्री मी आप्पांना तीनदा फोन केला.

माझं एक चुकलं. खिडकीशी तोंडीच बोलत राहिले. नवीन येणाऱ्या पोरींनो, तुम्ही वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रॅगिंगविरोधी शपथपत्र ऑनलाइन भरता येतं, त्याची प्रिंट आधीच काढून ठेवा. आणि पहिल्याच वर्षी एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव द्या. वर्षाला १२० तास काम असतं, पण खरी गंमत सात दिवसांच्या शिबिरात.

आमचं शिबिर डिसेंबरात पारोळा तालुक्यात होतं. दिवसभर सांडपाणी मुरवायचे शोषखड्डे खणले. शेवटच्या रात्री गावाने भरीत केलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. वाढणाऱ्या आजी माझ्यासमोर थांबल्या, “आखो (आणखी) भाकर लेस का माय?”

“अर्धीच दे माय, पन माले भरीत जोयजे,” मी म्हणाले, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शेजारी बसलेल्या पार्टनरने ताट पुढे केलं. “मले बी.”