सुतळी आणि चिंच

सातवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला मैदानातल्या चिंचेपाशी नेलं आणि हातात सुतळीचं रीळ दिलं. "बुंधा किती जाड आहे, मोजा बघू." मी आणि माझ्या बाकावरचा मित्र दोन बाजूंनी वळसा घालून सुतळी जुळवायला गेलो. ती सालीच्या खाचांत अडकायची, मागच्या बाजूला घसरायची. शेवटी गाठ मारली, व्हरांड्याच्या फरशीवर ताणली आणि फूटपट्टी पुढे सरकवत मोजली. ९ फूट ४ इंच. वहीत लिहिलं, बाईंनी बरोबरची खूण केली.

तो नाद आजतागायत सुटलेला नाही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जुनी झाडं शोधतो, मोजतो, नोंदवतो. लोक पहिल्यांदा वय विचारतात, आणि मी ते लिहीत नाही म्हटल्यावर हिरमुसतात. वय ज्यांवरून मोजतात ती खोडातली वार्षिक वलयं उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत स्पष्ट उमटत नाहीत, शिवाय म्हातारं खोड बऱ्याचदा आतून पोकळ असतं. घेर मात्र कुणीही पुन्हा मोजून पडताळू शकतो. पंचाईत होते ती वडाशी. पारंब्या खोडाला अशा काही बिलगतात की मूळ खोड कुठलं तेच उमगत नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड तर बुरशीमुळे १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं, तरी पारंब्यांच्या बळावर झाड उभं आहे! अशा वेळी मी पसारा मोजतो.

गेल्या वर्षी ती सातवीची वही घेऊन शाळेत आलो. चिंच जागेवर होती. टेप गुंडाळता गुंडाळता लक्षात आलं, त्या दिवशी सुतळी जमिनीपासून किती उंचीवर धरली होती, ते वहीत नाहीच. चिंचेचा बुंधा खाली फुगलेला असतो. टेप वीतभर वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. घेर छातीच्या उंचीवर, साधारण १.३ मीटरवर घ्यायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. इतक्या वर्षांत आपली चिंच नेमकी किती वाढली, हे आता कळायला मार्ग नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणून नवी नोंद केली: घेर ३.४६ मीटर, जमिनीपासून १.३ मीटरवर, ही उंची उताराच्या वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरून. खाली तारीख. तिची एक प्रत प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. दर पाच वर्षांनी सातवीच्या वर्गाने त्याच उंचीवर टेप लावावा, एवढी विनंती.